सोनोग्राफीच्या आधीचं दूध

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि बायकोला माझे बाकीचे पराक्रम तोंडपाठ आहेत. दुसऱ्याच कुणाच्या बारशाला जाऊन, पेढा खाऊन, बाळाला नाव सुचवून परत आलेला मी. स्वतःची स्कूटर समजून भलत्याच स्कूटरला तासभर किका मारणारा मी. हे सगळं मी रंगवून सांगतो, माणसं हसतात, मलाही बरं वाटतं. पण हे एक रंगवता येत नाही. बघू, तुमच्यापुढं कितपत जमतंय.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं नाक पुसण्यापासून परीक्षेला उठवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पुढं लग्न होऊन ती गडहिंग्लजला गेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवण झालं की जास्तच. तिथल्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला कोल्हापूरला पाठवलं. आदल्या दिवशी ती एसटीनं माझ्याकडं आली.

सूचना काय अवघड होत्या? रात्री हलकं जेवायचं. सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, फक्त पाणी — ते मात्र भरपूर, आणि लघवी धरून यायचं. कुणालाही जमेल. बरोबर माझ्यासारखा भाऊ नसला म्हणजे झालं.

आमच्याकडं म्हैस रस्त्याकडेला उभी करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दवाखान्याच्या वाटेवरच तो दूधकट्टा होता. मला राहवलं नाही. आणि उपाशी बहिणीसमोर एकट्यानं प्यायची लाज वाटली — कारण खरंच एवढंच होतं.

"घे की तूबी थोडं."

"डाक्टरनं पाण्याबिगर काय नको म्हणून सांगितलंय न्हवं?"

"आक्का, ते पिशवीतल्या दुधाचं असतंय. ह्ये आत्ता म्हशीतनं निघालंय. पाण्यागत उतरतंय बघ."

"तुला लई कळतंय."

"बीएस्सी झालोय मी!"

त्या बीएस्सीचा विषय भूगर्भशास्त्र होता, हे तिला माहीत नव्हतं. तिनं पेला संपवला. माझ्यावर विश्वास होता — दुसरं काय?

सोनोग्राफीचे डॉक्टर तरुण होते, दवाखाना नवाकोरा. त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही घेतलं नाही ना?" आक्का तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोललो, "छे हो! पाण्याशिवाय थेंब न्हाय." त्यांनी तिच्या पोटावर ते गार जेल लावलं, यंत्र फिरवलं, थांबले. "पित्ताशय आकसल्यासारखं दिसतंय. नक्की काही घेतलं नाही?"

"मी सोबत हाय की डॉक्टर!"

आक्का छताकडं बघत राहिली.

का उपाशी बोलावतात, हे मला पुढं कळलं. म्हशीचं असं दाट दूध पोटात गेलं की पित्ताशय आतलं पित्त पिळून काढतं आणि आकसतं. मग आत खडे असले तरी नीट दिसत नाहीत. उपाशीपोटी ते फुगलेलं राहतं, आतलं सगळं दिसतं. एका पेल्याचा फरक. रिपोर्टमध्ये आलं, खडा दिसत नाही. आम्ही खूश. आक्का गावी गेली, आणि दुखलं की पित्त झालं म्हणून सोसत राहिली. रिपोर्ट चांगला होता ना!

काही महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले, ताप चढला. खडा पित्तनळीत अडकला होता. दुसऱ्या दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन झालं. ती वाचेल की नाही, हे तिथले डॉक्टरही सांगेनात. दाजी बाकावर डोकं धरून बसले होते, आणि मी? मी त्यांच्या शेजारी बसून त्या तरुण डॉक्टरला शिव्या घालत होतो.

आक्का वाचली. तेव्हा जे कुणी होते — डॉक्टर, नर्स, रक्त द्यायला धावत आलेले दाजींचे दोस्त — त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

पण मी थांबलो नाही. दाजी त्या डॉक्टरांकडं भांडायला निघाले, तर मी पुढं! बाहेर पेशंट बसलेले, दार उघडं. दाजी ओरडले, "डोळं हायती का बटणं? एवढा खडा दिसला न्हाय तुला?" डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "त्या दिवशी चहा, दूध, काहीच नव्हतं ना?"

मी म्हणालो, "न्हाय."

"मग माझ्याकडूनच सुटलं," ते म्हणाले. "माफ करा." सगळ्यांसमोर म्हणाले. आणि त्यानंतर माझ्या भावकीतल्या, गल्लीतल्या एकालाही मी त्यांच्याकडं जाऊ दिलं नाही.

आक्का अजून दवाखान्यातच होती; तिला हे दाजींकडून कळलं. दाजी चहाला खाली गेल्यावर ती म्हणाली, "ह्यांस्नी मी काय सांगत न्हाय. पर तू जा, त्या डाक्टरला खरं सांगून ये."

"उद्या जातो."

पुढच्या भाऊबीजेला ओवाळताना तिनं विचारलं, "गेलतास?" गेलो नव्हतो. मी ताटात ओवाळणी टाकली. नंतर तिनं कधी विचारलं नाही. दाजींनाही सांगितलं नाही. आजही मी गेलो की ती आधी ताट वाढते. एवढं प्रेम मला कशाबद्दल मिळालं? मी फक्त घेत आलो.

बऱ्याच वर्षांनी माझंच पोट दुखलं. आमच्या डॉक्टरांनी नेमक्या त्याच दवाखान्याची चिठ्ठी दिली. आता तिथं एवढी गर्दी, की बसायला जागा नव्हती. मी खरोखर उपाशी गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं नाही. "चहा? दूध? कट्ट्यावर थांबला होतात?" त्यांनी स्वतः विचारलं. मी नाही म्हणालो. यंत्र फिरवत ते म्हणाले, "प्रत्येकाला मीच विचारतो. सुरुवातीला एका बाईंचा खडा माझ्याकडून सुटला होता. मरता मरता वाचल्या."

मी उताणा पडलो होतो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"सगळं छान आहे तुमचं," ते म्हणाले.

मी जेल पुसलं, शर्टाची बटणं लावली आणि त्यांना हात जोडले. रिपोर्ट चांगला आला म्हणून जोडले असतील, असं त्यांना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.