मिलिमीटर आणि दुसरा झोत

आमच्या ह्यांना वेधशाळेत सगळे 'मिलिमीटर' म्हणतात. रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या रुळांवरून हलवल्या, की कोणती नेमकी कुठं उभी राहिली ते मोजून वहीत लिहायचं, हे ह्यांचं काम. घरीही तेच. पलंग जरा सरकला की टेप काढतात. "तीस वर्षांत माझी एक चूक दाखव!" ऐकून ऐकून माझे कान किटले. पण चष्मा लावायचा नाही. का? तर म्हातारे दिसू! अहो, नातवंडं शाळेत गेली, आता कुणाला दाखवायचंय?

तिथली एक संशोधक मुलगी ह्यांना काका म्हणते. लांबच्या दीर्घिकेतलं कृष्णविवर दोन्ही बाजूंना झोत फेकतं म्हणे. आपल्याकडे येणारा ठळक दिसतो, पाठमोरा तिला वर्षानुवर्षं सापडत नव्हता. परवा नाचतच घरी आली.

"काका, दुसरा झोत दिसला! नऊ नंबरची तबकडी हलवली आणि लगेच! शुक्रवारी परिषदेत सांगणार."

ती गेली आणि ह्यांचं तोंड एवढंसं झालं. तबकडीच्या जागेचा आकडा चुकला की चित्रात नसलेलंही दिसतं, हे ह्यांनीच मला कधी सांगितलेलं. मी औषधाची बाटली पुढं केली. "काय आकडा आहे?"

"तेवीस."

"अठ्ठावीस आहे तो!"

ह्यांनी बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "नाहीच सांगितलं तर?"

"नका सांगू. पोरगी चारचौघांत तोंडघशी पडेल, तुम्ही इथं पलंग मोजा."

सकाळी माझा चष्मा नाकावर चढवून निघाले. मीही मागोमाग गेले, ह्यांचा काय भरवसा! नऊ नंबर पुन्हा मोजला. वहीत खुणेपासून तीन सेंटिमीटर होते, तिथं आठ निघाले. आकडा तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "चूक माझी आहे."

तिनं तो आकडा गणितात घालून चित्र पुन्हा काढलं. दुसरा झोत गायब. पोरगी हमसाहमशी रडली. मग महिनाभर ह्यांच्याशी बोलली नाही. हे जेवायचे, पण टेपला हात लावायचे नाहीत. मला मेलं वाईट वाटायचं.

काल ती आली, पहिल्याच झोतावरचा छापील लेख घेऊन. हे हात लांब करून बघायला लागले. म्हटलं, "आधी चष्मा!" निमूट लावला, स्वतःचा, नवा. शेवटी आभार होते: "आपली चूक आपणहून सांगणाऱ्या मोजणीवाल्या काकांचे."

ह्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला.

"पोरी," म्हणाले, "ही ओळ दोन मिलिमीटर तिरकी छापलीय."