नखीलमधली तुळई

इद्रीस होडेकरने ते झाड तोडलं तेव्हा दोरी मी धरली होती. हे आधीच सांगतो. नखीलमध्ये सगळे त्याचंच नाव घेतात.

रास अल खैमाचं गाव वाळूच्या एका दांड्यावर वसलेलं आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी. बाजार, मशीद, पेढ्या, होड्या दुरुस्त करायची जागा, सगळं तिथेच. होडीने खाडी ओलांडली की नखील. नखील म्हणजे खजुराची झाडं. वस्तीचं नावही तेच. मातीच्या भिंती, त्यांच्यामधून दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्याच गल्ल्या, भिंतींच्या आत विहिरी, पाट, झावळ्यांची घरं. वर झाडांची इतकी दाटी की भर दुपारी अंगावर नुसते कवडसे पडतात. काही भिंती कोणी बांधल्या हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नाही. उन्हाळ्यात गाव इथे राहायला येतं. थंडीत बहुतेक घरं मासेमारीसाठी समुद्राकडे जातात आणि नखील रिकामं होतं.

मी रत्नागिरीला बी.ए. झालो, मराठी साहित्य घेऊन. इथे बाजारातल्या एका पेढीवर पत्रव्यवहार बघतो, त्यातून अरबी बोलायला लागलो. इद्रीसभाई दाभोळच्या खाडीकडचा सुतार. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मला तो ‘बीए’ म्हणतो. सात जणांच्या खोलीत माझी आणि त्याची चटई शेजारी होती.

त्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्यातले बायकोबरोबरचे महिने सात. हे त्याने सांगितलं नाही. सुरैय्याभाभीच्या पत्रात होतं. त्याला कुरआन पढता येत होतं, पण मराठी अक्षर लागत नव्हतं, म्हणून पत्रं मी वाचून दाखवायचो. भाभी चौथी शिकलेली. अक्षर मोठं, सरळ.

दोन वर्षांपूर्वी, त्रेसष्टच्या सप्टेंबरात, तिचं पत्र आलं. ‘भावजयीच्या चुलीपाशी आठ वर्षं झाली. अब्बा म्हणतात, बायकोलाही तलाक मागता येतो, खुला मागून घे, सुटून ये. मी अजून नको म्हणते. तिकडे घर करा आणि मला न्या. येत्या रमजानपर्यंत नाही झालं तर तुम्हीच मला मोकळी करा. रागाने लिहीत नाही.’

“परत वाच,” तो म्हणाला.

मी वाचलं.

“रागाने नाही, असं लिहिलंय?”

“हो.”

“मग खरं आहे,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

घर मिळालं ते होडीमुळे. उम्म हमद नावाच्या एका विधवेच्या जावयाची होडी त्याच्याकडे दुरुस्तीला होती. म्हातारी एक दिवस येऊन फळीवर बसली. तासभर त्याचे हात बघत राहिली. मी तिथेच होतो. मग मला म्हणाली, याला विचार, बायको आहे का. आहे. मग इथे का नाही? घर नाही. ती म्हणाली, नखीलमध्ये माझ्या बागेत एक घर आहे. राहा. थंडीत आम्ही समुद्राकडे असतो. झाडांना पाणी दे.

“भाडं विचार,” इद्रीसभाई मला म्हणाला.

“पाणी,” ती म्हणाली. “सांगितलं ना.”

तो बागेत राहायला गेला आणि वेगळाच माणूस झाला. पाट उकरले, वाळक्या झावळ्या काढल्या, विहिरीचा कठडा बसवला. शुक्रवारी मी गेलो की मला झाडं दाखवत फिरायचा.

“आमच्या वाडीत दोनशे माड होते. हे खजूरबिजूर म्हणजे माडाची गरीब बहीण. माडाला शहाळं, हिला काय?”

“खजूर.”

“चिकट.”

भाभीसाठी वेगळं स्वयंपाकघर हवं, हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. भावजयीची चूल तिला पुरे झाली होती. आधी तिची स्वतःची चूल, मग बाकीचं जग. भिंती उठल्या. वर घालायला तुळई नव्हती.

बागेच्या कोपऱ्यात एक उंच झाड होतं. सगळ्यांत जाड. एक दिवस तो मला त्याच्याखाली घेऊन गेला.

“बघ. बाकीच्यांना तुटलेल्या घडांचे देठ आहेत. ह्याला एक नाही. वर नुसतं झाडूसारखं काहीतरी वाळलंय. वांझ.”

“म्हातारीला विचारू या?”

“काय विचारायचं? माड वांझ निघाला तर माझा बाप काय गावाला विचारायला जायचा? पाणी खातंय, सावली पाडतंय. बाईमाणूस एकटी, कोण तोडून देणार तिला? आपण दिलं तर दुवा देईल. आणि मला तुळई.”

त्या कोपऱ्यात भिंतीला एक खिंड होती. खिंडीत चढायला तीन दगड, पायांनी मधोमध झिजलेले. बाहेरची माणसं वर्षानुवर्षं थेट त्या झाडापाशी येत होती, हे त्या दगडांवर दिसत होतं. मी चार वर्षं कविता वाचायला शिकलो. ते दगड वाचले नाहीत. मी हो म्हटलं.

डिसेंबर होता. गल्ल्या रिकाम्या होत्या. अर्धा दिवस लागला. झाड पडलं तेव्हा धूळ उडाली आणि आकाशाचा एवढा मोठा तुकडा उघडा पडला की आम्ही दोघंही वर बघत राहिलो.

“उजेड आला,” तो म्हणाला.

त्याने खोड उभं चिरलं, तासलं, तुळई चढवली, चूल घातली. मी पत्र लिहिलं. घर झालं, ये. उत्तर आलं की फेब्रुवारीच्या शेवटच्या आगबोटीने येते. अब्बांनी तिकीट काढलं.

फेब्रुवारीच्या मध्यात उम्म हमद परतली. शुक्रवार होता, मी बागेतच होतो. मागोमाग शेजारच्या बागांतली सात-आठ माणसं खिंडीतून आली. हातात विळे, खांद्यावर टोपल्या. पहिला माणूस तिसऱ्या दगडावरच थांबला. मागचा त्याच्यावर आदळला.

इद्रीसभाई हसत पुढे झाला. “सांग त्यांना, वाया जात होतं. कामाला लावलं.” आणि त्याने स्वयंपाकघराकडे हात केला.

मी सांगितलं. अजून मला काही कळलं नव्हतं.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. खजुराच्या मादीला आपोआप फळ धरत नाही. नर वेगळा असतो. त्याला घड येत नाही, फक्त फुलाचा तुरा येतो. तो तुरा हाताने मादीच्या फुलात खोवावा लागतो, दर वर्षी, याच दिवसांत. हा नर उम्म हमदच्या नवऱ्याने मरताना वक्फ केला होता. अल्लाच्या नावाने कायमचा देऊन टाकलेला. आजूबाजूच्या अकरा बागा त्याचं फूल न्यायच्या, आणि प्रत्येक जण नेताना त्या माणसासाठी दुवा करायचा. एकवीस वर्षं.

“हे आम्हाला कोणी सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“हे कोणी सांगतं का?” तो म्हणाला.

मी इद्रीसभाईला सगळं सांगितलं. ‘वक्फ’ मला समजावून सांगावं लागलं नाही. तो शब्द त्याच्या गावातल्या मशिदीच्या विहिरीवर कोरलेला होता. तो खाली बसला. मला एकदम आठवलं, आमच्याकडे पपईचं नर झाड निघालं की आम्ही तेच पहिलं उपटतो.

उम्म हमद स्वयंपाकघरात गेली होती. वर हात पुरत नव्हता, म्हणून तिने काठी उचलून तुळईला टेकवली.

“विचार, माफी मिळेल का,” इद्रीसभाई म्हणाला. “भरपाई विचार. आयुष्यभर फुकट काम करीन.”

“माफी मी कशी देऊ?” ती म्हणाली. “झाड माझं नव्हतं.”

“मग कोणाकडे मागू?”

तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली. टोपल्यांवाले आलेल्या वाटेने निघून गेले. जाताना ती मला म्हणाली, “त्याची बायको येतेय ना? त्याला सांग, घर मी दिलंय. दिलेलं मी परत घेत नाही.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाभी आली. तो दुबईला जाऊन तिला घेऊन आला. किनाऱ्याच्या वाळूतून दिवसभर लॉरीत बसून ती नखीलमध्ये पोचली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. “अगंबाई, हे तर आपल्याकडच्यासारखं आहे,” म्हणाली. भिंतीला हात लावत आत गेली. चूल बघून तिने पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी तिने मला जेवायला बोलावलं. बांगड्याचं कालवण होतं. इद्रीसभाई बाहेर अंगणात ताट घेऊन बसला होता. ताटाला त्याचा हात लागला नव्हता. तीन दिवस तो आत आलाच नव्हता. माझ्यासमोरच तिने विचारलं आणि त्याने सांगितलं, सगळं.

“घर आहे ना?” ती म्हणाली.

“आहे.”

“कोणी काढलंय आपल्याला?”

“नाही.”

“मग?”

“त्या तुळईखाली शिजलेलं मला जात नाही, सुरैय्या.”

“तुळई काढा. मी बाहेर शिजवीन.”

“काढून काय? ह्या घरात मला नमाज लागत नाही. मी गावात खोली बघतो.”

“आठ वर्षं मी लोकांच्या छपराखाली जेवले. मला जात होतं का?”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही बीए ना? तुम्ही तरी कोणाला विचारायचं होतं.”

त्याने खरंच खोली शोधली. दहा दिवस, काम सोडून. बायकोसकट परदेशी सुताराला गावात कोणी खोली देईना. तो सात जणांच्या खोलीत झोपायचा आणि ती खाडीपलीकडे बागेत एकटी. शेजारपाजारची माणसं लांबच्या बागांतून फुलांचे तुरे आणत होती. उशीर झाला होता, मादीची फुलं उघडून गेली होती. भाभीच्या भिंतीपाशी आल्यावर आवाज खाली घेत. तिला शब्द कळत नव्हते. आवाज खाली गेलेला कळत होता. उम्म हमद रोज दूध पाठवायची.

शेवटी भाभीनेच परत जायचं ठरवलं. आगबोट गाठायला निघायच्या आदल्या दिवशी तिने भांडी घासून पालथी घातली. चुलीतली राख काढली, चूल सारवली.

“सारवून कशाला जातेस?” इद्रीसभाई म्हणाला.

“माझी होती,” ती म्हणाली.

दुबईला आगबोटीकडे नेणाऱ्या होडीत बसल्यावर तिने मागे पाहिलं नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

त्या उन्हाळ्यात अकरा बागांत घड लटकले, पण खजूर धरला नाही. हिरव्या गोळ्या गळून गल्ल्यांत पडल्या, पायाखाली यायच्या. इद्रीसभाई आता फक्त शुक्रवारी पलीकडे जातो. त्या बुंध्याला दोन कळशा पाणी घालतो. पुन्हा फुटत नाही हे त्याला माहीत आहे. माडही फुटत नाही. एकदा मी म्हटलं, आता पुरे. तो म्हणाला, “भाडं आहे.”

गेल्या महिन्यात भाभीचं पाकीट आलं. आत तिच्या अब्बांनी काझीकडून करून घेतलेला खुल्याचा कागद आणि तिची चार ओळींची चिठ्ठी. मी दोन्ही वाचलं.

“परत वाच,” तो म्हणाला.

वाचलं. या वेळी रागाबद्दल काही लिहिलं नव्हतं.

त्याला सही येते, एवढीच अक्षरं मी त्याला शिकवली होती. भाभीला पत्राखाली दिसावीत म्हणून. त्याने कागद फळीवर ठेवला, सावकाश सही केली, इद्रीसमधली वेलांटी शेवटी दिली. बोटांना डांबर होतं, पेनाला लागलं. ते लुंगीच्या टोकाने पुसून त्याने मला परत दिलं.