जांभळाच्या रसात चुना

आमच्या कारखान्यातली तपासणीची बाई कशातही कागदाची पट्टी बुडवायची. चहात, कुणाच्या डब्यातल्या आमटीत, एकदा तर माझ्या तांबड्या रश्श्यात. पट्टीचा रंग बदलला की आंबटपणा किती ते सांगायची. मला किळस यायची. वर म्हणायची, "मामा, पट्टी तुमच्या जिभेपेक्षा खरं बोलते."

बाई चंदगडची. कागलच्या एमआयडीसीत आम्ही जांभळाचा रस बाटल्यांत भरायचो. रसाचे दोन थेंब ती नळीतल्या जांभळ्या औषधात टाकायची. औषध पिवळं पडलं की रसात जोर आहे. हा जोर म्हणजे शरीराला गंज चढू देत नाही तो, असं तिनं मला समजावलं होतं. "आंबटपणा मारू नका मामा, त्यातच जोर टिकतो."

मी तिसरी शिकलेला, पण चाळीस वर्षं गुळव्या. उसाच्या रसात चुना टाकून गूळ बांधणारा हात माझा. मला ही नळीवाली काय शिकवणार? एका दुपारी रस फार आंबट लागला, म्हणून चुना कालवला आणि उकळत्या कढईत ओतला. रस बघता बघता गटारासारखा हिरवट काळा झाला.

मालकानं लिंबूसत्व घालून तो परत तांबडा केला. बाईनं नळी धरली. औषध जांभळंच राहिलं. रंग आला होता, जोर गेला होता. तिनं त्या मालावर सही करायला साफ नकार दिला.

"गिऱ्हाईक रंग बघून घेतंय बाई, तुमची नळी बघून न्हाय," मालक म्हणाला. चुना बाईनंच घालायला सांगितला, असं कागदावर लिहून त्यानं तिला काढलं. मी, एवढा मिशीवाला, खाली मान घालून कढई घासत होतो.

फाटकाशी तिला गाठून खरं सांगायला गेलो. ती म्हणाली, "ठाऊक आहे मामा. चुन्यानं बोटं भाजलीत की तुमची. तुम्ही न कळता घातला, मालक कळून विकतायत." एसटी आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मालकासमोर उभा राहून सगळं कबूल केलं. वाटलं, चिडेल, हाकलेल, तिला परत बोलावेल. तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गप बसलासा ते बरं केलंसा तात्या. तुमी आपलं माणूस."

त्याच पावली घरी आलो आणि अंगातला सदरा चुलीत घातला.