शिक्का नसलेली चौकट

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता मुलाकडे जपानमध्ये कावासाकीला राहून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे. घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. पंचनाम्यापलीकडे हात चालत नाही. तरीही अंगावर वर्दी नसताना केलेला हा एक तपास मनातून जात नाही.

खबर सुनेनं आणली. आमच्या घरासमोरच्या बाजारात घानाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय बाईंचं वेण्या घालायचं दुकान आहे. आफ्रिकी वंशाच्या मुलांचे केस इथल्या सलूनमध्ये कुणाला हाताळता येत नाहीत, म्हणून आया त्यांना घेऊन लांबून येतात. बाईंना शेजारची खोली घेऊन या आयांसाठी वर्ग काढायचा होता. शिकतील आणि आपापली दुकानं टाकतील, असा विचार. छोट्या दुकानांना सरकारी अनुदान मिळतं, पण अर्जावर व्यापारी संघाचा शिक्का लागतो. दर वर्षी बाईंना मुदत टळल्यावरच कळायचं. यंदा एका गिऱ्हाइकाकडून कळलं, तेव्हा पाच दिवस उरले होते. खोलीचा मालक आता थांबायला तयार नव्हता.

"रंग बघून डावललं असणार," मी म्हणालो.

"बाबा, पुराव्याआधी निष्कर्ष? ठाण्यात असंच करायचात का?" सुनेनं मला गप्प केलं.

ठाण्यात घोळ झाला की आम्ही आधी आवक-जावक रजिस्टर मागवायचो. इथे संघाच्या सूचना एका पाटीला लावून दुकानादुकानांतून फिरवतात. वाचायचं, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा, पाटी शेजाऱ्याला द्यायची. फेरीत शेवटच्या असलेल्या भाजीवाल्याकडे जुने कागद होते. प्रत्येक कागदावर बाईंची चौकट कोरी. आधीचा शिक्का टोफूवाल्या आजोबांचा.

चौकशीत मी पहिला प्रश्न मुद्द्याचा विचारत नाही. सून दुभाषी. आधी सोयाबीन किती वेळ भिजवता, ते विचारलं. आजोबा खुलले. मग कागद पुढे ठेवला.

सून ऐकत होती, तसा तिचा चेहरा बदलत गेला. "बाबा, ते म्हणतात, सगळं जपानीत असतं. परदेशी बाईंना उगाच त्रास नको, म्हणून मीच पाटी पलीकडच्या दुकानात नेऊन देतो. बारा वर्षं."

"अगं, त्यांना जपानी येतं ना?"

"माझ्यापेक्षा चांगलं. पोराच्या शाळेची पत्रं मी त्यांच्याकडूनच वाचून घेते!"

तिनं तेच आजोबांना सांगितलं. त्यांनी एप्रन काढला, थेट बाईंच्या दुकानात गेले आणि कमरेत वाकले, ते उठेचनात. मी भांडणाच्या तयारीत उभा. बाईंचे हात एका मुलीच्या केसांत होते. ते थांबले नाहीत.

"बारा वर्षं माझ्या दारावरून गेलात," त्या म्हणाल्या. "एकदा आत येऊन विचारायचं होतं, आजोबा." वेणी पूर्ण झाली. "आता बसा. अर्ज मी लिहिते, शिक्का तुम्ही आणा."

संघाचे अध्यक्ष शिक्का घेऊन मुलीकडे, पाचशे किलोमीटरवरच्या ओसाकाला गेले होते. ऐंशीचे आजोबा दुकानाला कुलूप लावून ओसाकाला गेले आणि त्याच दिवशी परतले. अर्ज मुदतीत दाखल झाला. त्या दोघांपुढे मी फार लहान आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

नोकरीभर मी हेतू शोधला. हेतू नाही तर गुन्हा नाही. इथे हेतू चांगला होता आणि नुकसान पुरतं झालं होतं. कलम कुठलं लावणार? बाईंनी ते लावायची गरजच ठेवली नाही. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

परीक्षेसाठी पुण्याला आलो होतो, तेव्हा सुनेचा फोन आला. "बाबा, मंजूर झालं. वर्ग सुरूही झाला. अकरा जणी आल्यात. आणि त्यातली एक आत्ताच उरायासू शहरात दुकानासाठी जागा बघून आली."