सोनामुखीचा मांडव

"ऊन आलं! आगं ऊन आलं! आत वढा, पयलं त्ये कोपऱ्यातलं वढा!"

अंतरपाटाच्या अलीकडं मी, पलीकडं नवरी, भटजी मंगलाष्टकाच्या सगळ्यात उंच सुरावर चढलेले, आणि माझी होणारी सासू मांडवाच्या पश्चिमेच्या टोकाला उभी राहून असं ओरडत होती. आवाज असा की पाण्याच्या पाटापलीकडच्या बैलांनी माना वर केल्या. जगात माणसं पाऊस आला म्हणून ओरडतात, वाळवण आत घेतात. ऊन आलं म्हणून ओरडणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, तीही अंगावर हळद असताना.

आमच्या सांगवीकडच्या वऱ्हाडाला वाटलं, आग लागली. माझ्या चुलत्यांनी तर पाण्याचा हंडा उचलला होता. पण मुलीकडच्या मंडळींना सवय असावी. मुठीतल्या अक्षता त्यांनी टोपीत ओतल्या आणि सगळे धावले. अंतरपाट धरलेल्या दोघांतला एकजण पाट सोडून गेला. मुहूर्ताच्या आधी मी नवरीचं तोंड पाहिलं ते असं. तोंड म्हणजे पाठच. मुंडावळ्या मागं टाकून, शालू खोचून तीही गोणपाटाचं एक टोक धरून ओढत होती. मग मी काय नुसता उभा राहणार? मीही एक टोक धरलं. भटजींनी आम्हा दोघांना गोणपाटाच्या दोन टोकांना बघितलं, "शुभमंगल" म्हणून टाकलं, आणि माझं लग्न लागलं.

गोणपाटांवर सोनामुखीचा पाला होता.

सोनामुखी कशासाठी घेतात हे ठाऊक नसलेला माणूस मराठी मुलखात नसेल. त्यावरचे सगळे विनोद आमच्या वऱ्हाडानं परतीच्या वाटेवर कन्हेरी येईपर्यंत संपवले. बारामतीच्या शिवारात एक जुनाच विनोद दुसऱ्यांदा झाला, तेव्हा वडिलांनीच गप्प बसवलं. तेव्हा मी ते इथं सांगत नाही. पाल्याचं सांगतो.

माझं सासर इंदापूरच्या बाजूला, भवानीनगरच्या पुढं. कारखान्याची चिमणी तेव्हा नुकतीच धुरायला लागली होती आणि पाटाच्या खालचा जो तो उसाचा झाला होता. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, त्यांना घरदार आबा म्हणे, ते उसाचे इतके झाले होते की त्यांच्या घामाला मुंग्या लागत. पण घराची एक जमीन पाटाच्या वर होती. नुसता माळ. पाणी वर चढत नाही, नांगर खाली उतरत नाही. तिथं कुसळसुद्धा उगवायच्या आधी घरच्यांचा सल्ला घेई. वाटणीत तो माळ माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला आला. सासरे देवमाणूस, म्हणजे कुणाला काही बोलत नसत. पण आबांचा शब्द मोडायची रीत त्या घरात नव्हती, आणि आबांनी रस्ता करणाऱ्या एका ठेकेदाराला मुरमासाठी तो माळ द्यायचं मनात घेतलं होतं. मुरूम काढल्यावर माळाची खाण होते. मग कुसळही सल्ला विचारायला येत नाही.

सासूबाईंनी त्या माळावर सोनामुखी पेरली. बारामतीच्या बाजारात हिरडा-बेहडा घेणारा एक व्यापारी यायचा, त्यानं त्यांना बी दिलं. या पाल्याला पाणी नको, खत नको, राखण नको. शेळी तोंड लावत नाही. शेजारची एक शेळी सगळ्या गावाच्या लग्नपत्रिका खाऊन बसली होती, ती त्या शेतातून उपाशी गेली. फक्त एक अट. पाला सावलीत वाळला पाहिजे, पोपटी राहिला पाहिजे. उन्हात वाळला तर तांबडा पडतो, ओला बांधला तर काळा. व्यापारी म्हणाला होता, मी मार्गशीर्षात ट्रक घेऊन एकदाच येईन. पोपटी असला तर सगळा उचलीन, नसला तर परत तोंड दाखवणार नाही.

आबांनी यावर न्याय दिला. पाला विकला गेला तर माळ तुमचा. नाही गेला तर ठेकेदाराची सब्बल माळात.

आता इंदापूरच्या माळाला काय कमी आहे? दगड हवे तेवढे, वारा हवा तेवढा, ऊन तर देणंघेणं करावं इतकं. सावली मात्र मागून आणावी लागते. आणि सासूबाईंनी ती मागून आणली. घर दोन खणांचं, ते भरलं. ओसऱ्या भरल्या. बाजांच्या खाली पाला, पाळण्याच्या खाली पाला. शेजारणी भाकरीचं पीठ उसनं मागतात, या सावली उसनी मागायच्या. एका म्हाताऱ्याच्या खाटल्याखाली पाला पसरला होता, तर सावली हलेल म्हणून म्हाताऱ्याला कूस बदलू दिली नाही असं गाव सांगतं.

अशात लेकीचं लग्न ठरलं, आणि सासूबाईंना मांडव दिसला.

मांडव त्यांनी जातीनं उभारून घेतला. वर उसाच्या पाचटाचं एवढं जाड छप्पर की सूर्याला आत यायला परवानगी काढावी लागावी. आणि मोठा किती? आमचं वऱ्हाड दहा गाड्यांचं, मांडव पन्नास गाड्यांचा. लांबून तो दिसल्यावर माझे वडील गाडीत उभे राहिले. आपला एवढा मान, असं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. जवळ गेल्यावर कळलं, मान आमचा एका कोपऱ्यापुरता होता.

पण सासूबाईंना त्या पाल्यात बघणं ही एक चीजच होती. त्या अनवाणी गोणपाटांच्या मधून फिरत आणि तळव्यानं पाला ओळखत. कुठं वाकून एक मूठ उचलायच्या, कानाशी धरून चुरडायच्या आणि जागा बदलायच्या. सूर्याकडं न बघता सूर्य कुठं आला हे त्यांना कळे. बाळंतिणीच्या खोलीत जसं पाऊल वाजवत नाहीत तसं त्या मांडवात माणसं वागत. मी गावोगाव हिंडलोय, पुढं चार इस्पितळं पाहिली, पण एवढी निगा मी कुठल्या रोग्याची झालेली पाहिली नाही.

निघायच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं. रडता रडताच त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "जावईबापू, मांडवपरतनाची घाई करू नगा. शेताचा दुसरा तोडा आत्ता पसरायचाय."

आमच्याकडं लग्नानंतर दोनचार दिवसांनी नवरानवरीला माहेरी बोलावतात, त्याला मांडवपरतण म्हणतात. नवरीचं पाऊल मांडवात पडलं, जेवणं झाली, की मांडव सोडायचा. तोपर्यंत त्याच्या एका बांबूला हात लावायचा नाही. सासूबाईंनी ही रीत उलट बाजूनं वाचली होती. लेक येत नाही तोवर सावली जात नाही.

मी सांगवीला आलो आणि गप्प राहिलो. दोन दिवस झाले, चार झाले, न्यायला मुराळी येईना. माझ्या आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पाटकऱ्याला, आणि पाटकऱ्यानं पाण्याबरोबर गावोगाव सोडलं, की या पोरीला माहेर विसरलं. बायको एका शब्दानं बोलायची नाही. भाकरी थापायची तर आवाजावरून वाटावं की कुणाला तरी मारतेय.

आणि एका सकाळी दारात आबा. छपराची गाडी, बैलांना झुली, स्वतः मुराळी होऊन आलेले. ते काही वाईट मनानं आले नव्हते. नुसता उभा मांडव आणि न आलेली लेक म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर, असं त्यांचं म्हणणं. त्यात माळाचा निकाल लवकर लागत असेल तर त्याला ते तरी काय करणार. थोरला माणूस मुराळी होऊन आल्यावर नाही म्हणता येत नाही. बायको तर झुली मोजायच्या आधी गाडीत चढून बसली.

वाटेत मी माझ्याकडून करायचं ते केलं. बारामतीत दोन मावश्यांच्या घरी चहा घेतला, त्यातली एक माझी नव्हती. कन्हेरीला एका विहिरीचं पाणी चांगलं असतं असं सांगून गाडी थांबवली. भवानीनगरला उसाच्या गाड्यांची रांग होती, तिला मी मनातल्या मनात दंडवत घातला. आबा पुढं बैल हाकत होते. चाकांच्या आवाजाचा फायदा घेऊन बायको लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. तुम्हाला माझ्या माहेरी जायचंच नाही का, म्हणाली. मग मी तिला तिच्या आईचा निरोप सांगितला.

तिनं पदर डोळ्यांशी नेला. रडेल असं वाटलं.

"मग रुसा की तुमी," ती म्हणाली.

"कुणावर?"

"कुणावर म्हंजी? जावयानं रुसायचंच असतंय. लग्नात तुमी रुसलाच न्हाय. समदी पाल्याच्या मागं. तुमचा रुसवा शिल्लक हाय."

माणसानं बायको करावी तर अशी. वेशीत गाडी आली तसा मी खाली उतरलो आणि मारुतीच्या पारावर मांडी घालून बसलो. मांडवात पाय ठेवणार नाही, म्हणालो. बायको नवऱ्याला सोडून पुढं जाणार कशी? तीही पाराच्या मागं, देवळाच्या ओसरीत बसली.

आबांनी पागोटं सारखं केलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, काय पाहिजे. मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. तोंडाला आलं ते बोललो, सायकल. मला वाटलं, सायकल म्हटल्यावर आठवडा तरी वाद चालेल. आबा उसाचे गडी, त्यांना अब्रूपुढं सायकल काय. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बारामतीहून नवी कोरी सायकल गाडीत आडवी घालून आली. सगळा गाव बघायला.

मी सायकलीभोवती फेरी मारली. घंटी वाजवून बघितली. आता काय करावं? ओसरीतून बायको खोकली. तिनं नेसलेल्या हिरव्या पातळाचा पदर दोन बोटांनी धरला होता.

"काळी हाय," मी म्हणालो. "मला हिरवी पायजे."

त्या क्षणापासून इंदापूर तालुक्यात माझी अब्रू जी गेली ती आजतागायत आली नाही. तिकडच्या बायका अजून हावऱ्या पोराला माझ्या नावानं ओरडतात. पोरीचे मामा धावून आले. एक म्हातारा म्हणाला, याला उद्या चाकं चौकोनी लागतील. आणि सासूबाई समजूत काढायला आल्या त्या गावाला ऐकू जाईल असा उद्धार करतच. माझ्या लेकीच्या नशिबाला असला अधाशी, ह्याच्या घरात हिरवं कधी बघितलं न्हाय काय, वगैरे. तसंच बडबडत ताट पुढं ठेवलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली, आणि त्या धारेएवढ्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "मधला पाला अजून नरम हाय. ताणा."

आबांनी गाडीची चाकं रंगवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं सायकल हिरवी केली, बसायच्या जागेसकट. आबा म्हणाले, ठेवा उन्हात, घटकेत वाळंल. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. उन्हात रंगाला फोड येतात, सावलीत वाळू द्या. सावली गावात एकच होती. सायकल मांडवात गेली. त्यांच्या बोलण्यात रंगाचं शास्त्र किती होतं मला ठाऊक नाही, पण ती सायकल पाल्यापेक्षा उशिरा वाळली.

ती अजून चिकट असतानाच व्यापाऱ्याचा ट्रक वेशीतून आत आला. मी पारावरून उठू शकत नव्हतो, रुसलेला होतो. पण मांडव पारावरून दिसत होता. सगळं गाव मांडवाच्या कडेनं उभं. आबा मेढीला टेकून. सासूबाई मधोमध, हात पदराखाली. त्यांना मी तोंड मिटून उभं राहिलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

व्यापारी बुटका, पांढऱ्या धोतराचा. त्यानं वरचा पाला घेतलाच नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठ काढली. ती धोतरावर ठेवून रंग बघितला. नाकाशी नेली. एक पान मोडलं, त्याचा कट्ट झालेला आवाज मला पारावर ऐकू आला म्हणालो तर तुम्ही हसाल, पण आला. मग ते पान तोंडात टाकून तो चघळत राहिला, आणि दुसऱ्या ढिगाकडं गेला. तिथंही तसंच. एकेका ढिगाला सासूबाईंची मान त्याच्या हाताबरोबर फिरत होती. शेवटचा ढीग मधला, दुसऱ्या तोड्याचा. तिथं त्यानं दोनदा हात घातला.

मग आपल्या माणसाकडं वळून म्हणाला, "पोती शिवायला घ्या. समदा."

गाव ओरडलं. सासूबाई खाली बसल्या आणि सांडलेली पानं एकेक वेचायला लागल्या. व्यापारी त्यांच्याजवळ वाकून पुढच्या सालच्या बियाचं विचारत होता, त्याला त्या नुसती मान हलवत होत्या.

आता माझ्या रुसव्याला काही अर्थ उरला नव्हता. मी पारावरून उतरलो, बायको ओसरीतून उतरली, आणि आम्ही दोघांनी मांडवात पाऊल टाकलं. ओवाळायला कुणी नव्हतं, सगळे पोती धरत होते. आबा आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं करून सासूबाईंच्या पुढ्यात गेले. घसा साफ केला. माळ तसा पहिल्यापासून जातिवंतच, म्हणाले. त्यांच्या वडिलांचंही तेच म्हणणं होतं, म्हणाले. मग स्वतःच एका पोत्याचं तोंड धरलं.

"मुरूमवाला उद्या येतोय," ते म्हणाले. "त्याला काय सांगायचं?"

सासूबाईंनी ओंजळीतली पानं पोत्यात टाकली.

"न्हाय म्हणून सांगा."