दहा मिनिटांवरचं तळं

माझे ओठ काळेनिळे पडले होते, श्वास आत जात होता पण पुरत नव्हता, आणि माझे यजमान म्हणत होते, एवढ्या लांब आलो आहोत, आणखी दहा मिनिटांनी काय होतं. मी जीपच्या मागच्या सीटवर आडवी होते. ड्रायव्हर पासांग हात दाखवून सांगत होता, समोरचा चढ संपला की तळं. तेव्हा सुमन पुढच्या सीटवरून उतरली, मागे येऊन तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "नक्को, पासांगभाई. गाडी पलटाओ." यजमान चिडले. ती म्हणाली, "दादा, तळं उद्याही असेल. वहिनीचं सांगता येत नाही."

सुमन माझी धाकटी नणंद. मागच्या महिन्यात नारायणगुड्याच्या घरी, दुपारी पेपर वाचता वाचता गेली. तेराव्याला माणसं जमली, जेवणं झाली आणि कोणीतरी घरातला जुना विनोद काढला, की सिक्कीमपर्यंत जाऊन तळ्याच्या तोंडाशी घाबरून परत फिरलेली बाई ती. लोक हसले. मी गप्प बसले... पंचवीस वर्षं गप्पच बसले होते. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण हे लिहायला हवं.

सुमननं लग्न केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कुकटपल्लीच्या बाजूला एका कारखान्यात ती टायपिस्ट होती. त्या वर्षांत कारखाने माणसं कमी करायला लागले होते. आमच्या गल्लीत भर दुपारी बापेमाणसं ओट्यावर बसलेली दिसायची. सुमनलाही घरी बसवलं. बरोबरच्या बायका रडल्या. ही कोठी भागातल्या एका क्लासात विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकली आणि सहा महिन्यांत औषधांच्या एका एजन्सीत लागली. मी म्हटलं, या वयात हे कशाला. म्हणाली, वहिनी, बोटं तीच आहेत, नुसता डबा बदलला.

त्याच सुमारास घरात केबल आली. यजमान क्रिकेट लावायचे, मी मालिका. सुमनला आमच्या दोघांतून वेळ मिळाला की ती डोंगरांचे कार्यक्रम बघायची. त्यात एकदा तिनं ते तळं पाहिलं. गुरुडोंगमार. एका बौद्ध गुरूनं हात लावला, म्हणून त्याचा एक भाग कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, असं तिकडचे लोक मानतात. त्यानंतर चार वर्षं ती त्या तळ्याच्या मागे होती. हिवाळ्यात कोठीला स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाईशी तिनं मैत्री केली, तिच्याकडून कुठे काय विचारायचं ते शिकली. तिकिटं, परवाने, गोळ्या, लोकरीचे मोजे, सगळं तिनं केलं. आम्ही नवराबायको नुसते सोबत गेलो.

आधीचे पाच दिवस आम्ही गोम्पा, म्हणजे तिकडचे बौद्ध मठ, बघत फिरलो. मला त्या लोण्याच्या दिव्यांच्या वासानं मळमळायचं आणि सगळ्या मूर्ती सारख्याच वाटायच्या. सुमन मात्र तास तास मांडी घालून बसायची. ती भक्तीला लागली होती असं नाही. तिला समजून घ्यायचं असायचं. एका म्हाताऱ्या लामांना तिनं विचारलं, मूर्तीपुढे सात वाट्यांत नुसतं पाणी का? ते मोडक्या हिंदीत म्हणाले, पाणी देताना कुणाचा जीव तुटत नाही, म्हणून ते देणं खरं. मी मराठीत म्हटलं, आमच्या नळावर येऊन बघा म्हणावं. सुमननं त्याचं हिंदी करायला नकार दिला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

तळ्याला जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी बजावलं, वर हवा विरळ आहे, खाऊन-पिऊन निघा, लसणाचं सूप घ्या. पण त्या दिवशी एकादशी होती. शिवाय तीर्थाला निरंकार जायचं, स्नान झाल्यावरच तोंडात पाणी घ्यायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. तळं पवित्र म्हणजे तीर्थच, एवढाच माझा हिशोब. थंडीनं मरायची वेळ, तिथे स्नान कसलं करणार होते, देव जाणे. पहाटेचा चहा मी मोरीत ओतला, बिस्किटं रुमालात बांधली. वाटेत थांगू नावाच्या वस्तीत सूप मिळालं, ते टपरीच्या भिंतीमागे ओतलं. सुमननं विचारलं, प्यायलात ना? मी हो म्हटलं.

गाडी फिरवून आम्ही थांगूला परत आलो. टपरीवालीच्या खोलीत सुमन मला चमच्यानं साखरेचं पाणी पाजत होती. माझं तोंड पुसायला तिनं माझ्या पर्समधला रुमाल काढला आणि बिस्किटं खाली सांडली. तिनं ती पाहिली, मग मला पाहिलं. तेवढ्यात यजमान आत येऊन विचारायला लागले, की आम्हाला दोघांना काही झालं नाही, मग हिलाच काय झालं. त्यांचा स्वभाव असा, की कळलं असतं तर माझा उपास त्यांनी चार गावांत जन्मभर वाजवला असता. सुमननं बिस्किटांवर पाय ठेवला आणि म्हणाली, "वहिनींना हवा मानवली नाही. आणि खरं सांगू दादा, मलाच भीती वाटली."

त्यांनी मग तेच वाजवलं. लग्नात, बारशात, "आमची सुमन घाबरली." ती हसून ऐकायची.

परवाना त्या एका दिवसाचा होता आणि तो तिच्याच पर्समध्ये होता. उद्या नाही, हे तिला माहीत होतं. नंतर यजमानांना अर्धांगवायू झाला. आठ वर्षं तिनं माझ्याबरोबर त्यांना उचललं, बसवलं. पुढे तिचंच हृदय नादुरुस्त झालं, डॉक्टरांनी उंचावर जायचं नाव काढू दिलं नाही. तळं तिनं पाहिलं नाही.

यजमान गेल्यावर मी एकदा विचारलं, तळ्याचं वाईट वाटतं का? ती पालक निवडत होती. म्हणाली, "तळ्याचं नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात, त्याचं वाटलं." मग जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाली, ही तुम्ही निवडा.

तर सुमन घाबरली नव्हती. उपास मी केला, खोटं मी बोलले. आमच्या घरचे तिघं त्या जीपमध्ये होतो. यजमान गेले, सुमन गेली. मी आहे.