शेकडो हॅलो

काल जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासासरशी बरकतपुऱ्यातली माझी भाड्याची खोली आठवली. नव्वदीचं दशक सरत होतं. नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलेली मी, सुट्टीत एक चॅट सर्व्हर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी टाइप करून गप्पा मारता येतील असा प्रोग्रॅम, लिहायचे. तो कुणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा, असा बेत होता.

त्या रविवारी दुपारी सर्व्हरला किती भार झेपतो ते पाहायला मी प्रोग्रॅमनं बनवलेली शेकडो खोटी माणसं एकदम आत सोडली. एरवी तो लगेच कोलमडायचा. त्या दिवशी टिकला. हरखून मी चॅटवर लिहिलं, "जमलं!" शेकडो उत्तरं आली, "हॅलो." मी त्यांना तेवढंच शिकवलं होतं.

मग मी मोठ्यानंच म्हणाले, "जमलं!"

खोलीबाहेरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या घरमालकीण काकू दारात आल्या. "कोणाशी बोलतेस गं?"

"कोणाशीच नाही. माझं काम जमलं, काकू."

"हौ का? मुबारक गं पोरी!" त्यांनी ओल्या हातानं माझा गाल कुरवाळला.

मला रडू फुटलं. तेव्हा वाटलं, हे आनंदाश्रू. आता कळतं, कित्येक दिवसांत मला कुणी हातच लावला नव्हता.